झांकली मूठ आणि झांकलेली मोटार

द्रव्याला दान, भोग आणि नाश अशा तीनच गति आहेत, आणि जो देत नाहीं व भोगीतहि नाहीं त्याच्या द्रव्याला तिसरी गति चुकत नाहीं, हें आपल्याकडील नीतिकारांनीं फार पूर्वीं सांगून ठेविलें आहे. त्यांच्या डोळ्यांपुढें मोहरांचे हंडे पुरून त्यांवर नागासारखा बसणारा कृपण होता. हा कृपण नाहींसा झाला असें कोणीं समजूं नये. त्यानें फक्त वेष पालटला आहे, आणि अमेरिकेंत तर तो मोटारी पुरून ठेवूं लागला आहे. जमिनींत नव्हे, कोरड्या, कुलूपबंद मोटारखान्यांत, वर मऊ कापडाचें आच्छादन घालून. मोटारहि साधीसुधी नव्हे. कॅडिलॅक, लिंकन, पॅकार्ड अशा नांवांची, अठरा फुटांच्या आसपास लांबीची, मऊ कातड्याच्या बैठकांची आणि घडी घालतां येणाऱ्या टपाची; म्हणजे माणसानें उघड्या आकाशाखालीं हिंडावें या एकाच हेतूनें जी निर्माण झाली, नेमकी तीच मोटार हा गृहस्थ अंधारांत कोंडतो आणि या कोंडण्याला ‘जतन’ असें गोंडस नांव देतो.

या ‘जतना’विरुद्ध आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत. असली मोटार बाळगणें हा दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याला हौस आहे, ऐपत आहे आणि मुख्य म्हणजे हात काळे करून घेण्याची तयारी आहे, त्यानें ती अवश्य बाळगावी. परंतु मोटार न चालवितां बाळगणें हें तिचें रक्षण नसून तिचा सावकाश केलेला नाश आहे, आणि जो मालक तिला चालवितो, बिघडूं देतो व दुरुस्त करितो तोच तिचा खरा राखणदार, एवढाच आमचा सिद्धान्त आहे. जुन्या मोटारींच्या बाजारांत तो फारसा लोकप्रिय नाहीं, कारण त्या बाजारांत कमी मैल चाललेल्या गाडीलाच अधिक किंमत येते.

प्रतिपक्षाचें म्हणणें प्रथम सरळपणें मांडूं. ते म्हणतात : या मोटारी पुन्हां व्हावयाच्या नाहींत, प्रत्येक मैलागणिक त्या झिजतात, झिजल्या म्हणजे त्यांचें मोल उतरतें, त्यांचे सुटे भाग सहजासहजीं मिळत नाहींत, सबब पुढील पिढ्यांकरितां त्या जशाच्या तशा राखून ठेवणें हेंच शहाणपण होय. ऐकतांना हा युक्तिवाद मोठा विनयशील वाटतो. मालक जणूं स्वतःच्या सुखाचा त्याग करून नातवंडांची ठेव सांभाळीत आहे! पण या युक्तिवादाचीं अंगें एकेक करून तपासलीं म्हणजे त्यांतील एकहि नीट उभें राहत नाहीं.

आधीं पैशाचेंच बोलूं, कारण विनयाच्या बुरख्याआड खरा चेहरा बहुधा त्याचाच असतो. १९७६ सालीं कॅडिलॅक एल्डोरॅडो ही घडीच्या टपाची मोटार अमेरिकेंतील या जातीची शेवटची मोटार म्हणून गाजविण्यांत आली. वातानुकूलनाच्या सोयीमुळें टप उघडण्याची हौस मंदावली होती. मोटार उलटल्यास छप्परानें किती भार सोसावा याविषयीं सरकारचे कडक नियम येणार अशी धास्ती कारखानदारांनीं घेतली होती. आणि एकामागून एक इतर अमेरिकन कारखान्यांनीं असल्या मोटारी काढणें सोडून दिलें होतें. त्या वर्षीं घडीच्या टपाच्या १४,००० एल्डोरॅडो तयार झाल्या. मूळ किंमत ११,००० डॉलरांहून किंचित् अधिक होती. अखेरच्या २०० मोटारी तर एकसारख्या पांढऱ्या रंगाच्या काढल्या होत्या. लोकांनीं मूळ किंमतीच्या वर पैसे मोजून त्या घेतल्या, आणि कित्येकांनीं त्या न चालवितां तशाच कोंडून ठेविल्या. पुढें काय झालें? १९८२ सालीं क्रायस्लर कंपनीनें घडीच्या टपाची मोटार पुन्हां काढली, आणि १९८४ सालीं खुद्द कॅडिलॅकनेंच तशी एल्डोरॅडो पुन्हां बाजारांत मांडली! ‘शेवटची’ म्हणून घेतलेली वस्तु शेवटची उरली नाहीं. चिडलेल्या कांहीं खरेदीदारांनीं कंपनीवर फिर्यादहि लाविली. ती निष्फळ ठरली.

या प्रकरणांत कंपनीनें जाहिरातीचा हात सैल सोडला हें खरें. परंतु फसवणुकीचें मूळ खरेदीदारांच्याच मनांत होतें. हजारों लोक एकच वस्तु दुर्मिळ होईल म्हणून एकाच वेळीं सांठवितात, तेव्हां त्या सांठवणीमुळेंच ती दुर्मिळ होत नाहीं, एवढा साधा हिशेब त्यांनीं केला नाहीं. १९७६ सालचे ११,००० डॉलर महागाईच्या मानानें आजच्या सुमारें साठ हजारांच्या घरांत जातात. सर्वसाधारण चांगल्या स्थितींतील त्या गाडीला एवढा भाव येत नाहीं. यांत विम्याचे हप्ते, जागेचें भाडें आणि इतक्या वर्षांचा सांभाळ मिळविला म्हणजे बेरीज आणखी काळवंडते. झांकली मूठ सव्वा लाखाची असते. पण मूठ कधींतरी उघडावी लागते. याच्या उलट, ज्यानें १९७६ सालीं तीच मोटार घेऊन उन्हाळ्यांतील रविवारीं बायकामुलांसह ती हिंडविली, त्याला विकतांना जें कांहीं मिळालें असेल तें केवळ वरकड होय. त्याचे पैसे वाऱ्यावर, उन्हांत आणि रस्त्यावर आधींच वसूल झाले होते.

आतां झिजेचा मुद्दा घेऊं. मोटार चालविल्यानें झिजते हें कोण नाकारील? पण उभी ठेविल्यानें ती झिजत नाहीं, ही समजूत ज्यानें कधीं एंजिनाचें झांकण उघडून पाहिलें नाहीं त्याचीच असूं शकते. उभ्या मोटारींतील पेट्रोल महिन्यांनीं शिळें होतें आणि त्याचा डिंकासारखा थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. हल्लींच्या अमेरिकन पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळलेला असल्यानें तें हवेंतील ओलावाहि शोषून घेतें. ब्रेकच्या तेलाचा गुणधर्मच पाणी ओढून घेण्याचा. त्या पाण्यानें चाकांजवळील लहान सिलिंडर आंतून गंजतात आणि त्यांतील दट्टे अडकून बसतात. एकाच जागीं दोन-अडीच टनांचा भार सोसून टायर चपटे होतात. बॅटरी मरते. वंगण खालीं उतरून गेल्यामुळें सिलिंडरच्या भिंती उघड्या पडतात आणि त्यांवर गंजाची पहिली लाली चढते. रबराच्या कड्या सुकून भेगाळतात; घडी घालून ठेविलेल्या टपाला कायमच्या सुरकुत्या पडतात. आणि मोटारखान्यांतील उंदीर तारा कुरतडतांना मालकाच्या गुंतवणुकीचा विचार करीत नाहींत.

कांहीं सावध मालक यावर उपाय म्हणून महिन्यांतून एकदां पांच मिनिटें एंजिन सुरू करितात व पुन्हां कुलूप लावितात. हा उपाय रोगाहून वाईट. जळणाऱ्या पेट्रोलपासून जी वाफ निघते ती एंजिन व धुराची नळी पुरतीं तापल्यावांचून बाहेर जात नाहीं. पांच मिनिटांत ती आंतच थिजते, वंगणांत मिसळते आणि नळीला आंतून खाते. निदान अर्धा तास रस्त्यावर नेऊन, एंजिन, गिअर, ब्रेक व चाकें यांना आपापलें काम करावयास लावून मोटार परत आणली तरच त्या चालविण्याचा उपयोग. अंथरुणावर पडून राहणाऱ्या माणसाचे पाय वळूं लागतात. वैद्य त्याला हळूहळू चालवितो, आच्छादन घालीत नाहीं.

सुट्या भागांविषयींचा आक्षेप याहून महत्त्वाचा आहे, कारण येथें केवळ एका मोटारीचा नव्हे तर एका विद्येचा प्रश्न आहे. १९६१ ते १९६७ या सात वर्षांत लिंकन कंपनीनें चार दारांची, घडीच्या टपाची ‘काँटिनेंटल’ काढली. अशा साऱ्या मिळून २१,००० च्या आसपास मोटारी झाल्या. तिचा टप उघडण्याचा सोहळा पाहण्यासारखा असतो. एक कळ दाबतांच मागील सामानपेटीचें झांकण पुढच्या बाजूनें उचलून मागें उभें राहतें, टप काचेवरील पकड सोडून वर उठतो, मागें झुकून घडी होतो, पेटींत उतरतो, आणि झांकण पुन्हां मिटून वरचा पृष्ठभाग असा सपाट होतो कीं येथें कधीं टप होता अशी शंकाहि येऊं नये. हें सर्व तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पंपांनीं, विजेच्या मोटरींनीं आणि अनेक विद्युत्-कळांनीं घडून येतें. प्रत्येक पायरी पुरी झाली कीं तेथील कळ पुढच्या पायरीला इशारा देते. रांगेनें उभ्या असलेल्या माणसांनीं पाण्याच्या घागरी हातोहात पुढें द्याव्या तसा हा व्यवहार आहे. मधल्या एकाचा हात थांबला कीं घागर तेथेंच अडते, आणि टप अर्धा हवेंत लटकून राहतो.

आतां या रांगेंतील कोणाचा हात थांबला हें शोधून काढणें हीच खरी विद्या. ती पुस्तकांतील आकृतीवरून अर्धी मिळते. उरलेली अर्धी, ज्यानें पन्नास वेळां असला अडलेला टप सोडविला आहे अशा मेस्त्र्याच्या कानांत व बोटांत असते. आणि मेस्त्री टिकावयाचा तर काम पाहिजे. काम यावयाचें तर मोटारी बिघडल्या पाहिजेत. मोटारी बिघडावयाच्या तर त्या चालल्या पाहिजेत. रबराच्या कड्या, टपाचीं कापडें, ब्रेकचे सिलिंडर पुन्हां नव्यानें तयार करणारे लहान कारखाने आज अमेरिकेंत आहेत ते चालविणाऱ्या मालकांच्या जिवावर; कोंडणाऱ्या मालकाला नव्या कडीची गरज पडतच नाहीं. कॅन्सस संस्थानांतील मॅकफर्सन येथील महाविद्यालयांत जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराचा पदवी-अभ्यासक्रम चालतो. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणानें पुढें करावें काय? बंद खोल्यांचीं कुलुपें पुसावीं? म्हणजे सुटे भाग मिळत नाहींत म्हणून आम्ही मोटार चालवीत नाहीं, असें जे म्हणतात त्यांनीं कारणाच्या जागीं कार्य ठेविलें आहे. त्यांनीं ती चालविली नाहीं म्हणूनच भाग मिळेनासे होतील.

पुढील पिढ्यांच्या नांवानें जो गळा काढला जातो त्याचाहि विचार करूं. या जातीच्या मोटारींत इतिहासाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाची कोणती, असें विचारल्यास कोणीहि अध्यक्ष केनेडी यांच्या मोटारीकडे बोट दाखवील. १९६१ सालच्या लिंकन काँटिनेंटलवरून लांबवून बनविलेली हीच ती मोटार. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डॅलस शहरांत तिच्यांतच अध्यक्षांना गोळ्या लागल्या. त्या दुर्दैवी मोटारीचें अमेरिकेनें काय केलें? लागलीच काचेच्या पेटींत घातली? नाहीं. तिची पुनर्बांधणी झाली, तिला कायमचें छप्पर व चिलखती पत्रे बसविले, आणि ती पुन्हां अध्यक्षांच्या सेवेंत रुजू होऊन १९७७ सालापर्यंत राहिली. त्यानंतरच ती डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयांत गेली. संग्रहालयें नसावींत असें आम्ही म्हणत नाहीं. जी वस्तु राष्ट्राचा दस्तऐवज आहे तिची जागा तेथें, आणि तेथें ती हजारों लोकांच्या नजरेस पडते. पण जिच्या १४,००० बहिणी आहेत अशी एल्डोरॅडो खासगी कोठडींत कोणाच्याहि नजरेस न पडतां उभी करून तिला ‘वारसा’ म्हणणें म्हणजे देवळाला कुलूप लावून भक्तीची वाढ करणें होय.

कोंडणाऱ्यांइतकाच दुसराहि एक वर्ग आहे, आणि त्याला सोडून देणें अन्यायाचें होईल. हा वर्ग मोटार कोंडीत नाहीं. तो तिला ‘नव्याहून नवी’ करितो. कारखान्यांत कधीं नव्हती इतकी झगझगीत रंगाची तकाकी, कारखान्यांत कधीं जुळल्या नव्हत्या इतक्या रेखीव दारांच्या फटी, आणि खालून पाहिलें तरी धुळीचा कण नाहीं! साठ वर्षांच्या बाईला सोळा वर्षांची करण्याचा हा खटाटोप. त्यांत मूळ कातडें जातें, मूळ रंग जातो, कोणाच्या तरी हाताची झीज जाते, आणि उरतें तें फक्त नांव. समाधानाची गोष्ट अशी कीं पारखी लोकांची दृष्टि बदलत आहे. कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथें १९५० सालापासून भरणाऱ्या सुप्रसिद्ध प्रदर्शनांत २०२४ सालीं प्रथमच, जीर्णोद्धार न केलेल्या, आपल्या वयाच्या खुणा अंगावर बाळगणाऱ्या मोटारीला सर्वश्रेष्ठ मान मिळाला. ती फ्रेंच बुगाटी होती, अमेरिकन नव्हे. पण धडा सर्वांना सारखाच लागू आहे.

तथापि अस्सलपणाचें सोंवळेंहि अति होतां कामा नये. १९५९ सालच्या उंच पंखांच्या एल्डोरॅडोला पोलादी कमानींच्या ऐवजीं हवेच्या पिशव्यांचा आधार दिलेला होता. त्या पिशव्या गळत आणि सकाळीं मोटार गुडघे टेकून बसलेली सांपडे. कित्येक मालकांनीं कंटाळून पोलादी स्प्रिंगा बसविल्या. अशा मालकांना भ्रष्ट ठरविण्यास आम्ही तयार नाहीं. जो फरक उद्यां उलटवितां येतो, ज्याची नोंद मालकानें ठेविली आहे आणि काढलेला मूळ भाग ज्यानें जपून ठेविला आहे, तो फरक क्षम्य. जो फरक मूळ अंगच कापून टाकतो तो अक्षम्य. एवढा विवेक पुरेसा आहे.

यावर एक आक्षेप निराळ्या बाजूनें येतो, आणि तो अधिक प्रामाणिक आहे. आठ लिटरांहून मोठ्या एंजिनाची, गॅलनमागें दहा-बारा मैलांवर दमणारी ही राक्षसीण या काळांत रस्त्यावर आणावीच कां? धूर, तेलाचा अपव्यय, आणि जुन्या मोटारींत सुरक्षितपणाचीं साधनें तोकडीं! या आक्षेपांतील तथ्य आम्ही मान्य करितों. असली मोटार रोजच्या कामाला वापरूं नये, वेगाच्या शर्यतींत घालूं नये, आणि तिचे ब्रेक आजच्या गाडीसारखे थांबवितील या भ्रमांत राहूं नये. परंतु वर्षांतून पांचशें-हजार मैल चालणारी मोटार शहराची हवा बिघडवीत नाहीं. ती रोज चालणाऱ्या लक्षावधि मोटारी बिघडवितात. उलट, एकदां केलेली वस्तु साठ वर्षें दुरुस्त करीत वापरणें ही वृत्ति, दर पांच वर्षांनीं नवी घेऊन जुनी भंगारांत लोटण्याच्या वृत्तीहून हवेला आणि पृथ्वीला अधिक हितकारक आहे.

आपल्या देशाचाहि या विषयाशीं संबंध आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनीं १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकन ड्यूसेनबर्ग मोटारीवर लंडनमधील गर्नी नटिंग यांच्याकडून नारिंगी-काळ्या रंगाचा उघडा सांटा चढवून घेतला होता. ती मोटार पुढें अमेरिकेंतच परतली. ज्या मोटारी येथें उरल्या त्यांच्यासाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या वाहनाला निराळा नोंदणी-क्रमांक मिळतो. प्रदर्शन, संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन भरणें व देखभाल यांकरितांच तें रस्त्यावर आणतां येतें. नित्याच्या किंवा व्यापारी वापरास मनाई आहे. नियमांचा हेतु चांगला आहे, आणि वारशाला कायद्यानें ओळख दिली हें अभिनंदनीयच. परंतु ‘देखभाल’ या शब्दाचा अर्थ कोणता? आमच्या मतें मोटार पुरती तापेपर्यंत रस्त्यावर चालविणें हीच तिची पहिली देखभाल आहे, आणि नियमानें हें स्पष्ट शब्दांत सांगितलें पाहिजे. नाहींतर कोंडण्याची हौस असलेल्या मालकाच्या हातीं आयतेंच सरकारी निमित्त येईल, आणि चालविण्याची हौस असलेला मालक चौकाचौकांत खुलासे देत बसेल.

मालकी म्हणजे केवळ ताबा नव्हे. गाय बाळगणारा तिला चारतो, धुतो, दूध काढतो. तिच्यावर आच्छादन घालून तिच्या किंमतीची वाट पाहत नाहीं. टपाची मोटार बाळगणाऱ्यानें महिन्यांतून दोनदां ती बाहेर काढावी. टप उघडून मिटून पाहावा. ब्रेकचें तेल वर्षा-दोन वर्षांनीं बदलावें. वंगण मैलांवर नव्हे तर कालावर पालटावें. काय केलें तें वहींत लिहावें. आणि शेजारचें पोर हात लावूं पाहील तर त्याला हांकलून न देतां स्टिअरिंगमागें बसवावें. उद्यांचा मेस्त्री आणि उद्यांचा मालक त्याच पोरांतून व्हावयाचा आहे. ज्या मोटारीवर कोणाच्याच लहानपणाची आठवण चिकटलेली नाहीं ती मोटार पुढील पिढीनें कां सांभाळावी, याचें उत्तर कोंडणाऱ्यांपैकीं कोणींहि दिलेलें नाहीं. आणि तें त्यांना देतां येईल असें आम्हांला वाटत नाहीं.